सगळेच चढाईला निघाले, तर

अलिबागच्या खारेपाटात कबड्डीचा संघ निवडायला बसलेली माणसं पाहा. ‘चांगला कोण खेळतो’ हा त्यांचा पहिला प्रश्न नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘डावा कोपरा कोण धरणार?’ मग उजवा कोपरा. मग त्या कोपऱ्याशी कुणाचं जमतं आणि साखळीत कुणाचा हात कुणाच्या हातात घट्ट बसतो, हे पाहून मध्यरक्षक ठरतात. चढाईपटूंची नावं सगळ्यांना आधीच पाठ असतात. वाद होतो तो कोपऱ्यावरून, आणि तो रात्री उशिरापर्यंत चालतो.

हीच माणसं, याच अलिबाग तालुक्यात, फुटबॉलचा संघ निवडायला बसली की अकरा स्ट्रायकर निवडतात.

हे मला पटत नाही. फुटबॉलवर प्रेम आहे म्हणून पटत नाही, आणि कबड्डीतलं शहाणपण घरात असताना ते शेजारच्या मैदानावर न्यायचं कुणाला सुचत नाही, म्हणून जास्तच पटत नाही.

निवड चाचणी कशी होते ते आठवा. पोरगा येतो, शंकूंमधून चेंडू काढतो, पायावर चेंडू उडवून दाखवतो, पन्नास मीटर पळतो, रिकाम्या गोलात चार फटके मारतो. वहीत गुण पडतात. गुणांप्रमाणे वरून खाली अकरा नावं मोजली की संघ तयार. पहिल्या सामन्याच्या सकाळी कुणीतरी विचारतं, ‘लेफ्ट बॅकला कोण?’ सगळे बुटांच्या नाड्या बांधायला लागतात. शेवटी संघातला सर्वांत गरीब स्वभावाचा पोरगा तिकडे ढकलला जातो. गोलमध्ये कोण? जो सर्वांत उंच, तो. त्याला खाली झेप कशी घ्यायची हे कुणी शिकवलेलं नसतं. पहिला गोल होतो आणि बाहेरून ओरडा त्याच्याच नावाने होतो.

सगळेच पालखीत बसायला निघाले, तर भोई कोण होणार?

कबड्डीत हा प्रश्न खेळच सोडवतो. समोरचा चढाईपटू तुमच्या अंगणात येतो, जास्तीत जास्त तीस सेकंद राहतो, आणि कोपरा कच्चा असेल तर तिथूनच गुण घेऊन जातो. सात माणसांचा संघ, त्यामुळे एक कच्ची जागा दुसऱ्याच चढाईत उघडी पडते. प्रेक्षकांतली आजीसुद्धा सांगते, पोराने घोटा धरायची घाई केली, मध्यरक्षक अजून पोचला नव्हता. बाहेरून आवाज येतो, ‘साखली सोरू नको!’ जोडीचं काम इथे सगळ्यांना दिसतं. फुटबॉलमध्ये मैदान शंभर मीटर लांब, माणसं बावीस, आणि डोळे सतत चेंडूवर. जो चेंडूपाशी नाही त्याचं काम दिसतच नाही. न दिसणारं काम आपण निवडीतही मोजत नाही.

मोठमोठ्यांनीही ते मोजलं नाही. २००३ मध्ये रियाल माद्रिदने स्पेनची लीग जिंकली. झिदान, फिगो, रोनाल्डो, राऊल, सगळे संघात होते. त्या उन्हाळ्यात त्यांनी डेव्हिड बेकहॅमला आणलं आणि क्लॉद माकेलेलेला चेल्सीकडे जाऊ दिलं. माकेलेले गोल करत नसे. लांब, डोळे दिपवणारे पासही देत नसे. तो बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू हिसकावून घ्यायचा आणि चार पावलांवरच्या झिदानला द्यायचा. तो गेला, आणि माद्रिदला पुढची लीग मिळायला २००७ साल उजाडलं. चेल्सीने दरम्यान इंग्लंडची लीग लागोपाठ दोनदा जिंकली. आज त्या जागेला जगभर माकेलेलेच्याच नावाने ओळखतात.

पॅरिसचं उदाहरण तर आपल्या पोरांच्या डोळ्यांदेखतचं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेस्सी पॅरिस सेंट जर्मेनला गेला. तिथे नेमार आणि एम्बाप्पे आधीच होते. जगातले तीन नावाजलेले फॉरवर्ड एका संघात. दोन हंगाम ते एकत्र खेळले आणि दोन्ही हंगामांत चॅम्पियन्स लीगच्या उपउपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडले. आधी माद्रिदकडून, मग बायर्न म्युनिककडून. तिघांचंही कसब खरं होतं. पण चेंडू गेला की तिघेही थांबायचे आणि मागच्या सात जणांना दहांचं काम करावं लागायचं. मेस्सी आणि नेमार २०२३ मध्ये गेले, एम्बाप्पे २०२४ मध्ये गेला. ३१ मे २०२५ रोजी याच क्लबने इंटर मिलानला अंतिम सामन्यात ५-० हरवलं आणि पहिल्यांदा तो करंडक उचलला. त्या संघाचा मुख्य फॉरवर्ड उस्मान डेम्बेले प्रतिस्पर्धी गोलकीपरच्या अंगावर धावून जात होता. त्याच वर्षी त्याला बॅलन डी’ऑर मिळाला.

मेस्सी कमी पडला असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्जेंटिनाचा मेस्सी पाहा. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं. प्रशिक्षक लिओनेल स्कालोनीने त्यानंतर काय केलं? मेस्सीला हात लावला नाही, त्याच्या भोवतालची माणसं बदलली. एन्झो फर्नांडेझ, अलेक्सिस मॅकअॅलिस्टर आणि हुलियान आल्वारेझ संघात आले. तिघेही पळणारे, तिघेही तरुण. रॉद्रिगो दे पॉल तर मेस्सीच्या वाटणीचंही धावत होता. पस्तीस वर्षांच्या माणसाला चालत राहायची मुभा मिळाली, कारण उरलेल्यांनी त्याचं पळणं आपसांत वाटून घेतलं होतं. १८ डिसेंबरला त्यांनी विश्वचषक जिंकला.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. आपल्याकडच्या किनाऱ्यावर आधीही दहा नंबरच्या जर्सी होत्याच, आता तर पाहायलाच नको. घ्या, आनंदाने घ्या. पण मला एकदा तरी वरसोलीच्या वाळूत सात नंबरचा निळा-पांढरा शर्ट पाहायचा आहे, पाठीवर दे पॉलचं नाव असलेला.

लांब कशाला, मुंबई घ्या. २०२० मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीने सर्जिओ लोबेराला प्रशिक्षक नेमलं. तो एफसी गोव्याहून आला आणि येताना गोव्याच्या संघातले चार जण त्याच्या मागोमाग आले: सेनेगलचा मुर्तादा फॉल, मोरोक्कोचा अहमद जाहू, फ्रान्सचा ह्यूगो बुमू आणि म्हापशाचा मंदार राव देसाई. लोकांनी खर्चाची चर्चा केली. माझ्या मते खरी खरेदी चार खेळाडूंची नव्हती, त्यांच्यातल्या ओळखीची होती. फॉल चेंडू कुठे सोडणार हे जाहूला पाठ. जाहूने मान वर केली की बुमू पळायला लागायचा. अशी ओळख तयार व्हायला दोन-तीन हंगाम लागतात. लोबेराने ती तयारच आणली. त्या हंगामात वीस साखळी सामन्यांत संघाने पस्तीस गोल केले, लीगमध्ये सर्वाधिक.

मंदारची गोष्ट आपल्या पोरांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तो मुळात विंगर. पुढे धावणारा, गोलची स्वप्नं पाहणारा. लोबेराने गोव्यात त्याला मागे आणून लेफ्ट बॅक केलं. आपल्याकडे हे झालं असतं तर पोराचे वडील दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाच्या दारात उभे राहिले असते. मंदार मागे गेला आणि भारताच्या संघात लेफ्ट बॅक म्हणून खेळला.

त्या हंगामाचा अंतिम सामना १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यात झाला. समोर एटीके मोहन बागान. मुंबईचा पोरगा अमेय रानवडे राइट बॅक होता. पहिल्या सत्राच्या शेवटी डोक्याला मार लागून त्याला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. बदली आलेल्या महंमद रकीपने ती बाजू धरली. १-१ अशी बरोबरी होती. नव्वदाव्या मिनिटाला समोरच्या गोलकीपरची चूक झाली आणि चेंडू बार्थोलोम्यू ओगबेचेकडे आला. हा माणूस स्वतः नावाजलेला स्ट्रायकर. त्या दिवशी राखीव बाकावरून मैदानात उतरला होता. घाईने फटका मारण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्याने शांतपणे बिपिन सिंगला पास दिला. २-१. करंडक मुंबईचा.

आणि राहुल भेके. मुंबईचा मराठी पोरगा, बचावपटू. १७ मार्च २०१९ रोजी, अंधेरीच्या मैदानावर, बंगळुरू एफसी आणि गोवा यांच्यातल्या याच लीगच्या अंतिम सामन्यात गोलच होईना. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला आणि बंगळुरूकडून खेळणाऱ्या भेकेने डोक्याने गोल केला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. विजयी गोल पुन्हा भेकेचा, पुन्हा डोक्याने, पुन्हा कॉर्नरवर. या वेळी कॉर्नर घेणारा जाहू. दोन वेगळ्या क्लबांत, दोन वेगळ्या माणसांच्या पायांनी उचललेले चेंडू, आणि उडी एकाच डोक्याची. निवड चाचणीत शंकूंमधून चेंडू काढायला लावला असता तर भेकेला किती गुण पडले असते? मला शंका आहे. गुण देणाऱ्याने त्याला एखादा चांगला कॉर्नर घालून पाहिला असता का? त्याबद्दल तर शंकाही नाही.

आता थोडं मागे, १९६२ ला. जकार्ताच्या आशियाई स्पर्धा. सय्यद अब्दुल रहीम यांचा भारतीय संघ पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. पुढच्या सामन्यात थायलंडवर ४-१ विजय मिळाला, पण बचावाचा कणा असलेला जर्नेलसिंग डोकं फोडून घेऊन बाहेर आला. टाके पडले. रहीम साहेबांनी त्याला पुढच्या सामन्यात विश्रांती दिली आणि उपांत्य सामन्यात चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळवलं. ताकद होती, उंची होती, पूर्वी तो पुढे खेळला होता. मागची जागा अरुण घोषच्या हवाली केली. जर्नेलने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला. अंतिम सामन्यात, त्याच कोरियाविरुद्ध, पुन्हा केला. गोलमध्येही रहीमनी बदल केला. उंच कोरियन हवेतून खेळणार हे ओळखून प्रद्युत बर्मनच्या जागी तापातून उठलेला उंचपुरा पीटर थंगराज उभा केला. ४ सप्टेंबरला भारत २-१ जिंकला.

त्या संघातली पुढची तीन नावं देशाला पाठ आहेत: पी. के. बॅनर्जी, चुन्नी गोस्वामी, तुलसीदास बलराम. पीकेंची उजवीकडून धाव आणि फटका, चुन्नींचे ड्रिबल, बलराम डावीकडून जागा शोधण्यात वस्ताद. तीन वेगळे गुण, म्हणून ते एकमेकांच्या पायात आले नाहीत. त्यांच्या मागे प्रशांत सिन्हा आणि फोर्चुनाटो फ्रँको हे दोघे. फ्रँको मूळचा गोव्याचा, घडला मुंबईच्या मैदानांवर. बचावात मुंबईच्या कॅल्टेक्सकडून खेळणारा ओ. चंद्रशेखर. फ्रँको आणि चंद्रशेखर या दोघांची नावं आज मुंबईतल्या किती फुटबॉलवेड्यांना येतात ते एकदा विचारून पाहा. फ्रँको २०२१ मध्ये गेला. आशियाई सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या मधल्या फळीतला माणूस आपल्या शेजारून गेला आणि आपण कुठल्यातरी परदेशी क्लबचा गोल पाहत होतो.

रहीम यांच्याकडे माणसांची जोड लावायची जी नजर होती ती अलिबागकरांना नवी वाटायला नको. समोर कुलाबा किल्ला आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराब होते आणि गलबतं होती. गुराब मोठा, दोन-तीन डोलकाठ्यांचा, जड तोफांचा. गलबत हलकं, वल्ह्यांवर चालणारं, माणसांनी भरलेलं. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत. गुराब शत्रूच्या जहाजाच्या मागच्या अंगाला जाऊन त्याच्या काठ्या आणि शिडं फोडत. जहाज पांगळं झालं की गलबतांतली माणसं तलवारी घेऊन वर चढत. नुसत्या गुराबांचा ताफा वारा पडल्यावर जागच्या जागी डुलत राहिला असता. नुसती गलबतं मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे टिकली नसती.

याच किनाऱ्यावर उलट धडाही मिळाला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. आरमार होतं, तोफा होत्या, हजारोंचं सैन्य होतं. भरवसा नव्हता. दोघांचे बेत जुळले नाहीत, एकमेकांवर दोषारोप सुरू झाले. इकडे कान्होजींच्या मदतीला बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन आले: समुद्राचा माणूस आणि घोड्याचा माणूस, दोघांची कामं वेगळी. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी तह केला आणि इंग्रज रिकाम्या हाताने मुंबईला परतले. दोन बलाढ्यांची बेरीज कुलाब्याच्या तटापर्यंत येऊन शून्य झाली.

हे सगळं शाळेत शिकवतो. मैदानावर विसरतो.

आपलं मैदान तरी किती बोलकं आहे! किनाऱ्यावर खेळणाऱ्यांना ठाऊक आहे की मैदानाची रुंदी चंद्र ठरवतो. उधाणाची ओहोटी लागली की किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं आणि ओल्या, घट्ट वाळूचं मैदान हवं तेवढं मिळतं. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं मागे सरत नाही. पाण्याची कड आणि भुसभुशीत कोरडी वाळू यांच्यामधल्या पट्टीवर खेळावं लागतं. रुंद मैदानावर कडेने पळणारा पोरगा सोनं आहे. पट्टीवर त्याला पळायला जागाच नाही. तिथे अंगावर माणूस घेऊन चेंडू पायाखाली धरणारा आणि लगेच पास देणारा हवा. संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो आणि किनाऱ्याला समांतर आखलेल्या मैदानाला आडवा लागतो. आक्षी-नागावकडे उंच मारलेला चेंडू सुरूच्या बनाकडे वाहत जातो. ही जमीन, हा वारा, ही भरती ज्यांना पाठ आहे त्यांनी सामन्यागणिक संघ बदलायला हवा. पण आपले अकरा ठरलेले असतात, कारण ते ‘चांगले’ आहेत. कशासाठी चांगले, कुणाबरोबर चांगले, हे कुणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: खेळाडू एकेकटा निवडू नका, जोडीने निवडा.

मागच्या दोघांपासून सुरुवात करा. दोन सेंटर बॅक दोघेही चेंडूवर तुटून पडणारे असले, तर दोघांच्या मधून जाणारा एक पास पुरतो. दोघेही थांबून बघणारे असले, तर समोरच्या स्ट्रायकरला आरामात वळायला मिळतं. एक पुढे होणारा, एक मागे राखणारा. एक हवेतला, एक पायाने चपळ. शक्य असेल तर डावीकडचा डाव्या पायाचा असावा; त्याला चेंडू मिळाल्यावर अंग न वळवता कडेला पास देता येतो आणि तो अर्धा सेकंद पुढच्या फळीला मिळतो. मधल्या फळीत चेंडू हिसकावणारा एक, वाटणारा एक, चेंडूशिवाय पळत सुटणारा एक. तीन वाटणारे ठेवलेत तर सुंदर खेळ होईल आणि चेंडू गेल्यावर परत कुणी आणणार नाही. कडेला विंगर आत घुसणारा असेल, तर त्याच्या मागचा बॅक बाहेरून धावत जाणारा हवा. विंगर रेषेला चिकटणारा असेल, तर बॅकने घर सांभाळायचं. पुढे एक उंच पोर असेल तर त्याच्या आसपास घोटाळणारं, सुटा चेंडू उचलणारं दुसरं हवं. नाहीतर उंच पोर चेंडू डोक्याने खाली घालतो आणि तो उचलायला तिथे आपला माणूसच नसतो.

स्वभावही निवडीत धरा. बडबड्या गोलकीपरसमोर शांत बचावपटू चालतो. मुका गोलकीपर आणि मुका सेंटर बॅक ही जोडी घात करते. पेनल्टी चुकल्यावर जो खांद्यावर हात ठेवतो, तो बारावा खेळाडू म्हणून तरी संघात हवाच.

हे सगळं शंकूंमध्ये दिसत नाही. दिसायचं असेल तर चार विरुद्ध चार खेळवा. दर दहा मिनिटांनी भिडू बदला. वहीत पोराचे गोल लिहू नका. लिहा की हा आला तेव्हा बाकीचे तिघे कसे खेळले. एखादा पोरगा असतो, स्वतः काही करताना दिसत नाही, पण ज्या चौघांत जातो ते चौघे जिंकतात. त्याला कुठेही हलवा, तेच होतं. शंकूंच्या चाचणीत हा पोरगा पहिल्याच फेरीत घरी जातो. माझ्या लेखी आपल्या जिल्ह्याच्या फुटबॉलचं सर्वांत मोठं नुकसान त्याच फेरीत होतं.

दुसरं नुकसान जन्मतारखेचं. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा, एकोणीस असे वयोगट आहेत. एका गटात जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकत्र खेळतात. चौदाव्या वर्षी ते अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि मिसरूड. ताकदवान पोर निवडला जातो, बारका मागे राहतो. जगभर असंच होतं आणि याचा अभ्यासही पुष्कळ झाला आहे. बारक्याने ताकद नसताना टिकायला डोकं वापरलेलं असतं, जागा ओळखायला शिकलेला असतो. दोन वर्षांनी तोही वाढणार आहे. दांडग्याच्या बाजूला त्या बारक्याला उभं करा. एकाकडे धक्का आहे, दुसऱ्याकडे नजर.

पालकांना एक विनंती, आणि ती मनापासून. सामन्यानंतर पोराला ‘किती गोल मारलेस’ विचारू नका. ‘आज कुणाला गोल मारायला मदत केलीस’ विचारा. पोराला पुढच्या वेळी काय मिरवायचं हे तुमच्या प्रश्नावरून ठरतं.

आणि आयोजकांना. तुमच्याकडच्या कबड्डी स्पर्धेत उत्कृष्ट चढाईला बक्षीस असतं, उत्कृष्ट पकडीला वेगळं बक्षीस असतं. पकडीचं बक्षीस घ्यायला पोरगा पुढे येतो तेव्हा टाळ्या कमी पडत नाहीत; म्हणून तर दरवर्षी नवे कोपरारक्षक तयार होतात. फुटबॉलच्या स्पर्धेत मात्र सायकल किंवा मोबाइल बहुतेक वेळा सर्वाधिक गोल करणाऱ्याला. पुढच्या पावसाळ्यात एक बक्षीस गोलच्या आधीच्या पासला ठेवा, एक मागच्या जोडीला ठेवा, दोघांना मिळून एकच, दोघांनी मिळून उचलायचं.

नेहुलीच्या जिल्हा क्रीडा संकुलात किंवा गावच्या मैदानात पुढची निवड चाचणी होईल तेव्हा सकाळी सर्वांत आधी डाव्या पायाची पोरं वेगळी काढा. मग बॅक. मग ज्यांना गोलमध्ये उभं राहायला मनापासून आवडतं ती पोरं. अशी असतात, विचारलंत तर हात वर करतात. स्ट्रायकर शेवटी बोलवा, ते कुठेही जात नाहीत. आणि गोलकीपरच्या हातमोज्यांचे पैसे कोण देणार, हे त्याच दिवशी, शिटी वाजायच्या आधी ठरवून टाका.